पिकपूल आणि अंबोडे

२० जानेवारी १९९७, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात, म्हणून हे तिथे लिहिते आहे. पुढून दूध, भाजी, रॉकेल. ज्याला रकाना नाही ते मागून.

आज ह्यांचा शर्ट भिजत घालताना डाव्या बाहीला वास आला. सारायीचा, म्हणजे गावठी दारूचा, नाही. सारायीचा वास मला पाठ आहे, माझे सासरे कृष्णाजी त्याच वासात गेले. ताडीचाही नाही. हा पातळ, आंबट, लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते ओळखता आलं नाही.

मला न ओळखता येणारा वास माझ्याच घरात यावा, ही साधी गोष्ट नाही. तेवीस वर्षं भवानीच्या देवळात नवरात्राचा नैवेद्य माझ्या हातचा जातो. नैवेद्य चाखायचा नसतो, चाखला की उष्टा. मीठ, आंबट, गूळ सगळं वाफेवरून ठरवायचं. मॅट्रिकला गणितात पहिली आले होते ते लोक विसरले, पण चामराजपेटच्या आमच्या आळीत माझं नाक अजून सगळ्यांना ठाऊक आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ह्यांना (नाव एकदा लिहिते, पद्माकर) भवानीपुढे भंडारा उचलायला लावला, की थेंब तोंडाला लावणार नाही. मग मला आत बोलावून म्हणाल्या, "ज्या दिवशी ह्याच्या अंगाला वास येईल त्या दिवशी निघ. मी नाही निघाले, तू निघ." मीही भंडारा उचलला.

बाही दोनदा धुतली. ह्यांना काही विचारलं नाही. एका वासावर संसार मोडायचा नसतो. पण तारीख लिहून ठेवली.

२९ जानेवारी, बुधवार

हे आता नऊ वाजता निघतात. ह्यांची पीण्या भागातली फॅक्टरी आठला सुरू होते, आणि दोन बस बदलून तिथे पोचायला तास लागतो. विचारलं तर म्हणाले, "शिफ्ट बदलली." कधीपासून? "झाले काही दिवस."

एक चांगलंही लिहिते. दिवाळीपासून अंगाचा साबण दीडपट पुरतो आहे. पूर्वी लेथच्या तेलाने हात इतके काळे व्हायचे की आधी भुसा आणि रॉकेल, मग साबण. आता ह्यांची नखं पांढरीशुभ्र. भुशाचा डबा भरलेलाच आहे. नवीन मशीन आलं असेल. देव असा कुठून तरी हात देतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या राजलक्ष्मीअक्का कढीपत्ता मागायला आल्या. देता देता म्हणाल्या, "श्यामला, तुझे यजमान रेसिडेन्सी रोडला काय करतात ग? काल मी तिथल्या बँकेत गेले होते. त्या मोठ्या हॉटेलच्या मागच्या गेटातून आत जाताना पाहिलं. हातात खोकं होतं, स्वल्प जड दिसलं."

मी म्हटलं, "दुसरे कुणीतरी असतील."

"सरी, असतील," त्या कानडीत होकार भरत म्हणाल्या. पण कढीपत्ता घेऊनही दोन मिनिटं थांबल्या.

मागच्या गेटातून! पुढच्या दाराने जाणारा निदान राजरोस जातो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भार्गवीच्या कॉलेजच्या वहीतून एक कागद पडला. मुलीचं कागदपत्र वाचत नाही मी, पण हा मराठीत होता, तिच्याच अक्षरात, आणि उघडाच पडला. उतरवून ठेवते:

"पिकपूल. पांढरी वाइन. फ्रान्सचा दक्षिण भाग, समुद्राजवळचा. उंच हिरवी बाटली. फार थंड द्यायची. बरोबर: कच्चे शिंपले, भाजलेली मासळी, शेळीच्या दुधाचं चीज, खारवलेली ऑलिव्ह. बरोबर नको: गोड, मसालेदार मटण. अप्पा, हे तीनदा लिहून काढा."

अप्पा! म्हणजे बापलेक दोघं. मी पाणी प्यायले आणि कागद होता तसा परत ठेवला. मुलगी बापाला कुठली बाटली कशाबरोबर प्यायची ते शिकवते आहे. बी.कॉम.ला हे शिकवतात का? आणि शिंपले कोण खाणार आहे आमच्या घरात? म्हणजे ही बैठक दुसरीकडे कुठेतरी. आणि शेळीचं चीज तर शेळीनेही पाहिलं नसेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

हे घरी होते. अकरा वाजता वीज गेली. आमच्या आळीत रोज दोन तास जाते, त्यात काय नवल? पण हे ताडकन उठले. "किती वाजता गेली? रेसि... तिकडेही गेली असेल का?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"फॅक्टरीत."

"रविवारी फॅक्टरी बंद असते."

ह्यांनी खिशातून पेन काढून तळहातावर वेळ लिहिली आणि राजलक्ष्मीअक्कांकडे फोन करायला गेले. वीज गेल्याचं कुणाला कळवायचं असतं? आणि कुणाला अंधार हवा असतो?

सासूबाई झोपाळ्यावरून माझ्याकडे बघत होत्या. पाच वर्षांपूर्वीच्या तापापासून त्यांना वास येईनासा झाला, तेव्हापासून त्या मला "घराचं नाक" म्हणतात. मी हळूच विचारलं, "आई, ह्यांचं काही वेगळं वाटतं का तुम्हाला?"

"वेगळं? रोज वेळेवर येतो, मुकाट जेवतो. वेगळं काय असायचंय? तुझं नाक नको तिथे जायला लागलंय. जरा विश्रांती दे त्याला."

माझ्या सासूने हे म्हणावं! जिने मला निघायला सांगितलं तिने!

८ मार्च, शनिवार

काल शिवरात्र, आज पारणं. लिहायलाही लाज वाटते. आज नैवेद्याचं वरण अळणी झालं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

पानं वाढली, सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. भार्गवी म्हणाली, "अम्मा, मीठ?" ह्यांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि सगळं वरण मुकाट संपवलं. वर पुन्हा मागून घेतलं.

अपराधी माणूस असाच खातो.

वरण उकळताना मी वाफेवर नाक धरलं होतं की नाही, तेच आठवत नाही. हे अंघोळीला गेले होते आणि मी खुंटीवरच्या शर्टाचा वास घेत होते. देवापुढे कान धरले.

१४ मार्च, शुक्रवार

सापडली.

ओसरीतल्या लोखंडी ट्रंकेत, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. उंच हिरवी बाटली. रिकामी. विसळून ठेवलेली, म्हणजे पुरावा पुसायची अक्कल आहे. वरचा कागद पाण्यात भिजवून सोडवलेला, चिकटाचा चौकोन तेवढा उरलाय. कुठली ते मला कळू नये म्हणून. पण आतून तोच वास आला, बाहीचा.

मी आता अंदाज करत नाही. मला माहीत आहे.

भार्गवी कॉलेजातून आल्यावर बाटली तिच्यापुढे धरली. ती पांढरी पडली. "अम्मा, अप्पा सांगतील. मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास शब्द? बापाला?"

"आज्जीला," म्हणाली आणि रडायला लागली.

आज्जीला. म्हणजे घरात चार माणसं, त्यातली तीन एका बाजूला.

१६ मार्च, रविवार

येलहंक्याला रघुजीअण्णाला पत्र लिहिलं. मोठा भाऊ आहे, रेल्वेतून निवृत्त झालाय, घरात दोन खोल्या जास्त आहेत. लिहिलं की मी आणि भार्गवी पुढच्या रविवारी येतो, कारण आल्यावर सांगेन, तू न्यायला ये. पत्र टाकण्याआधी देवाला कौल लावला. उजवं फूल पडलं. उजवं म्हणजे जा, असंच मनात धरलं होतं.

पत्र्याच्या पेटीत चार साड्या, भवानीचा टाक आणि ही वही. भांडी घेतली नाहीत, ती ह्या घरची.

हे पेटीकडे बघून म्हणाले, "धुवायला काढल्यास का साड्या?" मी हो म्हटलं. मीही खोटं बोलायला लागले आहे.

२० मार्च, गुरुवार

अण्णाचं कार्ड आलं. "येतो. पद्माकररावांना मारू का?" त्याला तेवढंच सुचतं.

२२ मार्च, शनिवार

हे आज फार उशिरा आले नाहीत, पण आल्यावर जेवले नाहीत. "भूक नाही." बरोबर गोणपाटाची पिशवी होती, ती परसात धुण्याच्या दगडामागे ठेवली. ठेवताना काच वाजली.

माझ्यासमोर! आता लपवायचीही गरज उरली नाही.

ह्यांच्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर, सासूबाई म्हणाल्या तसं, चेहरा उतरलेला दिसला असता. त्या म्हणाल्या म्हणून लिहिते.

२३ मार्च, रविवार

आज सगळं सविस्तर लिहायला हवं.

सकाळी नऊला अण्णा रिक्षा घेऊन आला. रिक्षा दारात थांबवूनच ठेवली. मी पेटी ओसरीत आणली. हे तिथेच बसले होते, रात्री झोपले नसावेत. मी म्हटलं, "मी भंडारा उचलला होता. तुम्हीही. मी माझा पाळते."

अण्णा शर्टाच्या बाह्या वर करू लागला.

"निघायचं तर निघ," हे म्हणाले. "पण त्याआधी एक काम कर, श्यामला. मागे तीन बाटल्या आहेत. त्यांचा वास घे."

मला वाटलं, चढली आहे.

"मी प्यालो नाही. एक थेंबही नाही."

"मग तोंड उघडा," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. अण्णाने मान दुसरीकडे वळवली. हे लहान मुलासारखे तोंड उघडून उभे राहिले आणि मी जवळ गेले. लवंग. काल रात्रीचं काही न खाल्लेलं पोट. बस, एवढंच. इतक्या जवळून ह्यांचा श्वास मी कधी घेतला होता ते आठवेना. मी मागे सरले.

"बोला."

मग बोलले. फॅक्टरी दिवाळीआधीच बंद झाली. मालकाने कुलूप लावून दिलं. छत्तीस माणसं रस्त्यावर. शेहेचाळीसाव्या वर्षी लेथवाल्याला कोण घेतं? कुणीतरी रेसिडेन्सी रोडच्या हॉटेलात स्टोअरकीपरची जागा असल्याचं सांगितलं. स्टोअर म्हणजे तांदूळ-डाळीचं नव्हे, दारूचं. खोकी उतरवायची, बाटल्या मोजून ठेवायच्या, थंड खोलीचं तापमान दर दोन तासांनी लिहायचं. फुटलेली बाटली उचलताना बाही भिजायची. बाटल्या ओळखता याव्यात म्हणून फेकलेल्या बाटल्यांचे कागद सोडवून वहीत चिकटवायचे आणि भार्गवीकडून पाठ करून घ्यायचे.

"मला का नाही सांगितलं?"

"दारूच्या कोठारात नोकरी धरतो म्हटलं असतं, तर तू वास यायच्या आधीच निघाली असतीस."

सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "मीच म्हटलं त्याला, सांगू नकोस. भंडारा न पिण्याचा उचललाय, खोकी न उचलण्याचा नाही. पण ही सरळ रेघेची बाई, हिला ते पटायचं नाही."

मला फार राग आला. पटलं असतं की नाही ते मला विचारायला हवं होतं. आता मी कशी सांगणार?

मग मुख्य गोष्ट. हॉटेलात फ्रान्सच्या जेवणाचा सप्ताह आहे. त्यासाठी ही पिकपूल जानेवारीपासूनच बाराबारांच्या खोक्यांनी आली. परवा तीन बाटल्या टेबलावर उघडल्या, त्यातल्या दोन पाहुण्यांनी वास येतो म्हणून परत केल्या. ह्यांचा साहेब रणवीर म्हणून पुण्याचा मुलगा आहे, तिशीचा. तो म्हणाला, वीज गेली तेव्हा थंड खोली तापली, जनरेटर वेळेवर लावला नाही, तुमच्या हलगर्जीपणाने सगळा माल शिजला. सोमवारी लेखी द्या, नाहीतर मंगळवारी येऊ नका. उघडलेल्या बाटल्या ओतून टाकायला सांगितल्या, त्या हे घरी घेऊन आले.

"मी प्रत्येक वेळी पाच मिनिटांत जनरेटर लावलाय. रविवारीसुद्धा फोन करून लावायला लावलाय. वही आहे माझ्याकडे. पण माल शिजला नाही हे कोण सांगणार? मला त्यातलं कळत नाही, आणि चाखायचं तर..." इथे थांबले. "चाखलं असतं तर कदाचित नोकरी वाचली असती. नाही चाखलं. न चाखता सांगणारं मला एकच माणूस माहीत आहे."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"मी दारूला हात लावणार नाही," मी म्हटलं.

"हात कोण लाव म्हणतंय?" सासूबाई म्हणाल्या. "नाक लाव."

"विटाळ होईल."

"वाऱ्याला कसला विटाळ? रोज भाजीला जाताना सारायीच्या दुकानावरून जातेस, तेव्हा श्वास कोंडून जातेस काय ग?"

अण्णा म्हणाला, "नसेल जमत तर मी चव घेऊन सांगतो. कामापुरतं."

"तू रिक्षावाल्याचे पैसे देऊन ये," मी म्हटलं. तेव्हा पेटी अजून ओसरीतच होती, हे लिहून ठेवते. मी काही ठरवलं नव्हतं.

घरातलं भांडं वापरणं शक्य नव्हतं. सकाळच्या नारळाच्या आणि कालच्या अशा तीन करवंट्या होत्या, नंतर चुलीत घालता येतात. परसातल्या दगडावर मांडल्या. ह्यांनी तिन्हींत थोडं थोडं ओतलं. फिकट, जवळजवळ पाणीच. एवढ्यासाठी फ्रान्स! मी पदर खोचला, भवानीचं नाव घेतलं आणि वाकले.

पहिली: आधी काहीच नाही, कुणीतरी फडकं टाकून झाकल्यासारखं. मग फडक्याचाच वास. ओला पुठ्ठा. एक्क्याण्णव सालच्या पावसात माझ्या हिशेबाच्या वह्या भिजल्या होत्या, हुबेहूब तो.

दुसरी: तीच बाहीची. पण आता पूर्ण. लिंबाची साल, चिरलेली कैरी, थोडं हिरवं सफरचंद. आणि मागे ते जे मला जानेवारीपासून ओळखता येत नव्हतं. उडुपीला गेलो होतो तेव्हा देवळातून समुद्रावर गेलो होतो, परतल्यावर दोन दिवस माझ्या पदराला जो खारा वास होता, तो. एकदाच पाहिला मी समुद्र. मी जरा जास्त वेळ वाकले असेन, कारण भार्गवी हसली.

तिसरी: पुन्हा पुठ्ठा.

"शिजलेलं ह्यात काही नाही," मी म्हटलं. "उन्हात राहिलेलं सरबत, गॅसजवळची लोणच्याची बरणी, हे वास मला कळत नाहीत का? आणि खोली एक. खोली तापली तर तिन्ही तापतील. दोनच कशा?"

ह्यांनी तिन्ही बाटल्या पुन्हा एका ओळीत लावल्या.

"बुचं कुठे आहेत?"

बुचं खिशात होती, मोजदाद जुळायला हवी म्हणून जपलेली. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. पहिलीच्या बुचाला पुठ्ठा. तिसरीच्या बुचाला पुठ्ठा. दुसरीचं बूच स्वच्छ.

"दारू नाही बिघडली. बूच बिघडलंय. मेतकुटाच्या बरणीला कुबट फडकं बांधलं की मेतकूट बिचारं काय करणार?"

तरी नुसत्या बोलण्यावर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःच्यासुद्धा. चांगलीची एक करवंटी दुपारपर्यंत उन्हात ठेवली. मग वास घेतला. कैरी गेली, समुद्र गेला, उकडलेल्या सफरचंदासारखं काहीतरी उरलं. पुठ्ठा कुठेच नाही. म्हणजे तापणं वेगळं आणि हे वेगळं.

मी सांगितलं, भार्गवीने इंग्रजीत लिहिलं, ह्यांनी विजेच्या वेळांची वही जोडली आणि सही केली. हे म्हणाले, "साहेबाला आणखी एक अडलंय. शाकाहारी पाहुण्यांना ह्याच्याबरोबर काय द्यायचं? तिकडे कच्चे शिंपले खातात."

"कच्चे?" सासूबाईंनी डोळे मिटले. "शिव शिव."

मी काही बोलणार नव्हते. पण चुकीचं जेवण माझ्याने बघवत नाही, कुणाचंही. म्हटलं, "हे आंबट आहे, म्हणून पानात दुसरं आंबट नको. चिंच नको, ताक नको, दोन आंबट भांडतात. गूळ तर नकोच. तळलेलं द्या, खारट. चणाडाळीचे अंबोडे, भरड वाटलेले, शेपू घालून. ओल्या नारळाची चटणी, चिंचेशिवाय. मूगडाळीची कोसंबरी, लिंबू न पिळता. लिंबाचं काम बाटली करेल."

भार्गवीने तेही लिहिलं. मी लिही म्हटलं नव्हतं.

अण्णा जेवून गेला. करवंट्या चुलीत घातल्या, मी डोक्यावरून अंघोळ केली. पेटी उघडली नाही. टाक तेवढा देव्हाऱ्यात परत ठेवला, देवीला पेटीत किती दिवस ठेवणार?

२५ मार्च, मंगळवार

हे गेले. कुणी अडवलं नाही म्हणाले. साहेबाने कागद वाचला, "इंटरेस्टिंग" म्हणाला आणि फ्रान्सला फॅक्स केला. तोवर नोकरी लटकलेली.

खरंच फॅक्स केला असेल का? पुण्याची माणसं गोड बोलतात.

१ एप्रिल, मंगळवार

उत्तर नाही. साड्या अजून पेटीत. रोज एकेक काढून नेसते आणि धुऊन परत पेटीत ठेवते.

ह्यांना विचारलं, "अळणी वरण का खाल्लंत मुकाट?"

"मीठ विसरायची तू नव्हेस. मला वाटलं, तुला कळलंय, मुद्दामच घातलं नाहीस."

८ एप्रिल, मंगळवार, पाडवा

गुढी उभारली. पुरण चाखलं नाही, चाखावं लागलं नाही. वरणाच्या वाफेवरच कळलं, चिमूटभर कमी आहे. घातलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या नाहीत.

दुपारी राजलक्ष्मीअक्कांनी हाक मारली, ह्यांना फोन आहे. सणाच्या दिवशी! मीही मागे गेले. रणवीरसाहेब इतक्या मोठ्याने बोलतो की सगळं ऐकू येतं.

"काका, हॅपी पाडवा! फॅक्स आला. ते म्हणतात, बुचांचा एक लॉटच खराब होता, आणखी दोन देशांतून तक्रार आलीय. स्टोरेज एकदम परफेक्ट, तसं लेखी दिलंय. मी जरा जास्तच बोललो तेव्हा, सॉरी हां. आणि त्यांनी विचारलंय, हे लिहिणारा माणूस ह्या लाइनमध्ये किती वर्षं आहे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं.

"तेवीस वर्षं," हे म्हणाले.

"तुम्ही तर लेथवर होता ना, काका?"

"मी होतो लेथवर."

राजलक्ष्मीअक्कांनी मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही. सरी झालं."

संध्याकाळी पेटी माळ्यावर टाकली.

१२ एप्रिल, शनिवार

हॉटेलच्या मेनूत अंबोडे छापलेत म्हणे, इंग्रजीत, पिकपूलच्या शेजारी. चार दिवसांत तीनदा संपले. हे सांगत होते की पाहुणे आधी एक उचलतात, मग वाटी जवळ ओढतात. शेपू घातला का विचारलं. नाही, कोथिंबीर घालतात. तरी म्हटलं. उद्या शेपूची जुडी पाठवणार आहे. माझं नाव कुठे नाही, नसावंच. दारूच्या कागदावर नाव काय मिरवायचं?

अट मात्र घातली आहे. हे रोज संध्याकाळी दारात तोंड उघडतील, मग चहा. तेवीस वर्षांचा विश्वास एका वाफेवर परत येत नाही. काल तपासायचं विसरले तर हे स्वतःच उंबऱ्यात उभे राहिले, तोंड उघडून.

चांगल्या बाटलीचं बूच हे आज घरी घेऊन आले. "टाकायचं तर टाक." चांगली वस्तू टाकून कसं चालेल? सुया खोचायला बरं म्हणून शिवणाच्या डब्यात ठेवलं. त्याला अजून तो समुद्राचा वास आहे. रोज दुपारी एकदा डबा उघडून बघायचं ठरवलं आहे, वास गेला की नाही ते. अशा वस्तूवर नजर ठेवलेली बरी.

आज दोनदा उघडला. सुई हवी होती.